कामगार थोडे, जबाबदारी पूर्ण

आपल्या जिल्ह्यातील छोट्या कारखानदारांशी, मिलमालकांशी किंवा दुकानदारांशी कामगारांच्या आरोग्याचा विषय काढला, की बहुधा एकच उत्तर मिळते : "आमच्याकडे माणसं सात-आठ. हे सारे कायदे मोठ्या कंपन्यांसाठी." हा समज पुष्कळांच्या मनात पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कामगारांची संख्या कमी असली की कोणता कायदा लागू होतो ते बदलते. कामावर दुखापत किंवा आजार झाला तर खर्च कोणाच्या अंगावर येतो, हे मात्र बदलत नाही. या आठवड्यात हाच हिशेब नीट समजून घेऊ.

वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी ही मोठी ठिकाणे. त्यांच्यावर सरकारी निरीक्षकांची नजर असते, संघटना असतात, वर्तमानपत्रेही असतात. तिथेही अपघात होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत झालेला स्फोट आणि त्यात गेलेले कामगार आपण कोणीच विसरलेलो नाही. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य हात अशा ठिकाणी राबत नाहीत. ते राबतात राईस मिलमध्ये, भंडाऱ्यातील पितळेच्या भट्ट्यांवर, आंधळगावच्या कोशाच्या मागांवर, विडीच्या सुपासमोर, वीटभट्टीवर, वेल्डिंगच्या दुकानात आणि महामार्गावरील ढाब्यांवर. तिथे एखाद्याचे बोट पट्ट्यात गेले तर बातमी होत नाही. माणूस गावाकडे जातो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

कोणत्या कामात काय होते

मालकाने प्रथम आपल्या कामातला धोका ओळखला पाहिजे. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

राईस मिल घ्या. हंगामात मिल रात्रंदिवस चालते. तुसाची आणि कोंड्याची धूळ हवेत इतकी असते की विजेच्या दिव्याभोवती ती नुसती डोळ्यांनी दिसते. मात्र जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतेक नाकातच अडकते. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. खरा त्रास देणारी धूळ दिसत नाही, ती फुप्फुसात खोलवर जाते. ज्याला मुळात दम्याची प्रवृत्ती आहे त्याला हंगामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्री खोकला सुरू होतो, छातीत शिट्ट्या वाजू लागतात. सुट्टीवर गेला की बरा, कामावर आला की पुन्हा तेच. हे चक्र दिसले तर तो खोकला कामाचा आहे असे समजावे. बॉयलरखाली तूस जाळणाऱ्या मिलमध्ये राख उपसणाऱ्या माणसाची जास्त काळजी घ्यावी, कारण तुसाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण फार असते.

यंत्रांचा आवाज हा दुसरा शत्रू. एक हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज कानाला घातक आहे, एवढी साधी खूण पुरेशी आहे. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे धरली जाते. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. सुरुवातीला माणसाला स्वतःला काही कळत नाही; घरी रेडिओ मोठा लावू लागतो, बायको म्हणते याला ऐकू येत नाही, आणि तो म्हणतो तुम्हीच हळू बोलता.

तिसरा धोका पट्ट्यांचा. उघडा पट्टा, अंगावर दुपट्टा किंवा सैल बाहीचा सदरा, आणि यंत्र चालू असतानाच अडकलेले धान हाताने काढण्याची सवय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अपघाताला चौथ्या कारणाची गरज राहत नाही. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवण्याचा खर्च एका महिन्याच्या डिझेलपेक्षा कमी असतो. अनेक ठिकाणी जाळी असतेच, पण ग्रीस घालताना काढलेली ती कोपऱ्यात पडून असते!

आणि चौथा धोका, ज्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते, तो गोदामातील गोळ्यांचा. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या थप्पीखाली ठेवून वरून ताडपत्री झाकतात. हवेतील ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. त्यावर खास असा उतारा उपलब्ध नाही. डोके दुखणे, मळमळ, छातीत आवळल्यासारखे होणे, दम लागणे ही त्याची लक्षणे असून लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. पण वास येईलच असे नाही, त्यामुळे वासाच्या भरवशावर राहू नये. गोदामाला लागून हमालांची झोपण्याची खोली असेल तर तिथे धूरी देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. धूरी परवानाधारक माणसाकडूनच द्यावी, दारावर मोठ्या मराठी अक्षरांत फलक लावावा, आणि ठरलेले दिवस पूर्ण होऊन गोदाम दोन्ही बाजूंनी उघडून हवा खेळल्याखेरीज कोणालाही आत पाठवू नये. नाकाला बांधलेला दुपट्टा किंवा साधा कापडी मास्क या वायूला मुळीच अडवीत नाही. धुळीसाठीचा चांगला मास्कदेखील वायूसाठी उपयोगाचा नाही. हे दोन वेगवेगळे शत्रू आहेत.

आता पितळेकडे वळू. भंडारा शहराची ओळखच पितळेच्या भांड्यांनी झालेली आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. मूस तापवून पितळ वितळवताना जस्ताची वाफ होते आणि पांढरट धूर निघतो. भट्टीवर काम करणारा माणूस दिवसभर ठीक असतो. संध्याकाळी किंवा रात्री त्याला थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरतो. आपल्या भागात थंडीताप म्हटला की मलेरिया, त्यामुळे हे लोक मलेरियाच्या गोळ्या खाऊन मोकळे होतात. रक्ताची तपासणी जरूर करावी, कारण मलेरियाही असू शकतो. परंतु ताप नेहमी सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी येत असेल, तर तो धुराचा ताप समजावा. रोज थोडा धूर घेणाऱ्या शरीराला त्याची काहीशी सवय होते आणि सुट्टीत ती सवय मोडते, म्हणून असे घडते. हा ताप जीवघेणा नसतो, पण भट्टीवरचे धुराडे काम करीत नाही याची ती सूचना असते.

जास्त काळजी शिशाची. भंगारातून आलेल्या पितळेत पुष्कळदा शिसे असते. ते शरीरात हळूहळू साठत जाते. पोटात वारंवार कळ येणे, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, मनगटातील जोर जाणे अशी लक्षणे महिन्या-वर्षांनी दिसतात आणि तोवर कोणी त्याचा संबंध कामाशी जोडत नाही. काम संपल्यावर साबणाने हात-तोंड धुणे, भट्टीजवळ डबा न खाणे, कामाचे कपडे घरी न नेणे, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. कपड्यांवरून शिसे लहान मुलांपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या मेंदूवर परिणाम करते, हे ज्याला समजले तो माणूस कपडे बदलल्याशिवाय घरी जात नाही.

विडी वळणाऱ्या भगिनींचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांचा कारखाना म्हणजे त्यांचेच घर. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटीन हाताच्या कातडीतूनही शोषले जाते. डोकेदुखी, मळमळ, खोकला, मान व कंबर दुखणे हे इतके नित्याचे झालेले असते की ते सांगायला कोणी दवाखान्यात येत नाही. निदान लहान मूल सुपाशेजारी झोपवू नये आणि तंबाखू उघडी पसरलेल्या खोलीत स्वयंपाक करू नये. यांच्यासाठी केंद्र सरकारचा १९७६ चा विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आहे. विड्यांवरील उपकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाला, कायदा मात्र राहिला. ओळखपत्र असल्याशिवाय त्याचा लाभ मिळत नाही, म्हणून ठेकेदाराकडून ओळखपत्राचा अर्ज भरून घेणे महत्त्वाचे.

येथे एका जुन्या समजुतीविषयी सांगितले पाहिजे. धुळीच्या कामावर मालक मंडळी मजुरांना रोज गूळ देतात. त्याने छातीतली धूळ निघून जाते असे मानतात. गूळ खाल्ला तर तो पोटात जातो, फुप्फुसात नाही. दुधाचेही तेच. द्यायचे असेल तर अवश्य द्यावे, अंगाला लागेल. पण गूळ दिला म्हणजे धुराड्याचा आणि पंख्याचा खर्च वाचला असे समजू नये.

दहाचा आकडा

आता कायद्याकडे येऊ. कामगार राज्य विमा योजना, जिला सर्वजण ई.एस.आय. म्हणून ओळखतात, ती १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तर योजना बंधनकारक. धोकादायक कामासाठी सरकारने ठरवून दिलेल्या ठिकाणी एक माणूस असला तरी. आणि दहापेक्षा कमी माणसे असतील तर मालक व बहुसंख्य कामगार यांनी मिळून ठरवल्यास स्वेच्छेने सामील होता येते. पूर्वी ठरावीक जाहीर भागातच योजना लागू असे; नव्या संहितेने ती अट काढून देशभर विस्तार केला आहे. निव्वळ हंगामी कारखाने मात्र या प्रकरणातून वगळलेले आहेत. आपला कारखाना कायद्याच्या व्याख्येत हंगामी बसतो की नाही, हे स्वतः ठरवू नये. नागपूरच्या कार्यालयातून लेखी घ्यावे.

दहाचा आकडा टाळण्याची एक युक्ती सर्वांना ठाऊक आहे. हजेरीपटावर नऊ नावे, बाकीचे "रोजाचे" किंवा "मुकादमाचे". ही युक्ती टिकत नाही. मुकादमामार्फत आलेला माणूस तुमच्या आवारात तुमचे काम करीत असेल तर तो मोजणीत धरला जातो. आणि एकदा योजना लागू झाली की नंतर माणसे कमी झाली तरी ती लागूच राहते.

खर्च किती, ते पाहू. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. समजा, एका मजुराचा पगार महिना १२,००० रुपये आहे. मालकाने भरायचे ३९० रुपये, मजुराच्या पगारातून कापायचे ९० रुपये. दोन्ही मिळून ४८० रुपये पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. अपंग कामगारांसाठी २५,०००.

याच्या बदल्यात काय मिळते? कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार. नागपूरला सोमवारीपेठेत या योजनेचे रुग्णालय आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता, म्हणजे आपल्या मजुराला दिवसाला साधारण २८० रुपये. यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. क्षयरोगासारख्या ३४ दीर्घ आजारांत हा भत्ता ८० टक्के दराने आणि दोन वर्षांपर्यंतही मिळू शकतो. कामावर अपघात झाला तर मात्र किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी बरे होईपर्यंत ९० टक्के. मृत्यू झाला तर अवलंबितांना निवृत्तिवेतनासारखी दरमहा रक्कम. बाळंतपणासाठी पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे पूर्ण पगार, आणि तो मालकाच्या खिशातून नव्हे तर महामंडळाकडून. ज्या मालकाला "बाईमाणूस कामावर घेतलं तर सुट्ट्यांचा भार" असे वाटते, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

क्षयरोगाचे विशेष सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांत तो रोजचा आहे. निदान झाले की मजुराला पहिली भीती आजाराची नसते, रोजी बुडण्याची असते. म्हणून तो निदान लपवतो, औषधे अर्धवट सोडतो, आणि त्याच शेडमध्ये इतरांजवळ खोकत राहतो. आजारपणात घरी पैसा येणार असेल तर तो सुरुवातीचे आठवडे घरी राहतो, औषध पूर्ण घेतो. त्याच्या भत्त्याने शेजारच्या पाच जणांचे फुप्फुस वाचते. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. ते मिळवण्यासाठी सरकारी दवाखान्यात नोंद आणि बँकेचे खाते लागते.

दहाच्या आत असाल तर

आता त्या "सात-आठ माणसं" म्हणणाऱ्या मालकाविषयी. त्याला ई.एस.आय. लागू नाही म्हणून तो निश्चिंत असतो. प्रत्यक्षात त्याची स्थिती अधिक अवघड आहे. १९२३ पासून या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा आहे. तोही आता याच संहितेत आला आहे. जिथे ई.एस.आय. लागू नाही तिथे कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने स्वतः द्यायची, असा त्याचा अर्थ.

तोच मजूर घेऊ. वय ३०, पगार १२,०००. राईस मिलच्या पट्ट्यात त्याच्या हाताचा अंगठा गेला. कायद्याच्या कोष्टकात अंगठा गमावणे म्हणजे कमाईची ३० टक्के क्षमता गमावणे. पूर्ण अपंगत्वाची भरपाई काढताना पगाराच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. ३० वर्षांसाठी तो आकडा २०७.९८ आहे. ७,२०० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,९७,४५६ रुपये. त्याचे ३० टक्के झाले सुमारे ४ लाख ४९ हजार. शिवाय उपचाराचा खर्च वेगळा. दुर्दैवाने तो दगावला तर पगाराच्या ५० टक्के धरून १२,४७,८८० रुपये. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही.

दुसरीकडे ई.एस.आय.ची वर्षाची वर्गणी ३९० गुणिले १२, म्हणजे ४,६८० रुपये. ती भरणाऱ्या मालकावर ही भरपाई देण्याची वेळच येत नाही. ती महामंडळ देते. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दिवाणजीसमोर ठेवावेत.

"चूक त्याचीच होती" हे कारण फारसे चालत नाही. निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई बुडत नाही. दारू पिऊन कामावर असणे, मुद्दाम सुरक्षेची आज्ञा मोडणे किंवा जाळी काढून टाकणे अशा बाबतीत मालकाला सूट आहे, पण तीही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर नाही. आणि एक नवीन गोष्ट : घरून कामावर येताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही, त्याचा वेळ, जागा व परिस्थितीने कामाशी संबंध दिसत असेल, तर आता कामावरचा अपघात मानला जातो. रात्रपाळी संपवून अंधारात सायकलने गावी जाणारे मजूर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे. सायकलच्या मागे चमकणारी पट्टी लावायला दहा-वीस रुपये लागतात.

स्वेच्छेने ई.एस.आय.मध्ये जायचे नसेल तर सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते. ती घेताना सर्व माणसांची नावे, खरा पगार आणि खरे काम लिहावे. हप्ता वाचवण्यासाठी हमालाला चौकीदार दाखवले तर दाव्याच्या दिवशी ती बचत फार महाग पडते.

इथे एक गल्लत वारंवार होते. मालक म्हणतो, "आम्ही सगळ्यांचा वीस रुपयांचा विमा काढून दिला आहे." प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता १ जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे, १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख रुपये मिळतात. जरूर काढावी. सर्वांचे फॉर्म एका दिवशी बसून भरून द्यावेत, हे पुण्याचेच काम आहे. पण ती रक्कम मजुराची स्वतःची. तिच्यामुळे मालकाची भरपाई कमी होत नाही. तसेच महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. तिच्यातून ठरावीक आजारांवर व शस्त्रक्रियांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात, त्यासाठी रेशनकार्ड व आधार नीट असले पाहिजे. परंतु ही योजना रुग्णालयाचे बिल भरते; घरी बसलेल्या दोन महिन्यांची मजुरी देत नाही. मजुराचे घर बिलाने मोडते तितकेच बुडालेल्या रोजीने मोडते.

कागद कोणते

छोट्या मालकाला कागदांचा कंटाळा असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. एकच माणूस माल घेतो, वसुली करतो, यंत्रही दुरुस्त करतो. तरीही चार कागद टाळता येत नाहीत. नेमणुकीचे पत्र, जे आता प्रत्येक कामगाराला देणे आवश्यक झाले आहे. रोजचा हजेरीपट. पगाराची नोंद, शक्यतो बँकेतून. आणि अपघाताची वही.

या अपघाताच्या वहीकडे फार दुर्लक्ष होते. बोट चेमटले, डोळ्यात कण गेला, पायावर पोते पडले, असे काहीही झाले तरी तारीख, वेळ, काय करताना झाले, कोण हजर होते, कोठे नेले एवढे पाच ओळींत लिहून ठेवावे. कित्येक मालकांना भीती वाटते की लिहिले तर आपण अडकू. उलटे आहे. सहा महिन्यांनी गोष्ट निघते तेव्हा ज्याच्याकडे लिहिलेले असते त्याचे ऐकले जाते. शिवाय वर्षाच्या शेवटी ती वही चाळली तर एकाच यंत्रावर तीनदा बोट चेमटलेले दिसते, आणि जाळी कुठे बसवायची ते आपोआप कळते. ई.एस.आय.खालील ठिकाणी अपघाताची खबर २४ तासांच्या आत द्यावी लागते.

नव्या संहितांनी ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यावी असेही ठरवले आहे. ही तपासणी म्हणजे नुसता रक्तदाब आणि साखर नव्हे. मिलमध्ये फुंकून मोजायची श्वसनक्षमता आणि कानाची तपासणी, पितळेच्या कामात रक्तातील हिमोग्लोबिन आणि जमेल तिथे शिशाचे प्रमाण, वेल्डिंगवाल्यांचे डोळे, असे कामाप्रमाणे ठरवावे. चार-पाच मालकांनी मिळून एक दिवस डॉक्टर बोलावला तर खर्च वाटला जातो. राजेगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तुमसरच्या मिलवाल्यांना हे सहज जमण्यासारखे आहे. तपासणीत दोष आढळला म्हणून माणसाला काढून टाकले, तर पुढच्या वर्षी कोणी तपासणीला येणार नाही. त्याला धुळीतून काढून वजनकाट्यावर बसवा, भट्टीवरून काढून पॉलिशवर नव्हे तर बांधणीवर बसवा.

अपघात झालाच तर

पेटीत जुन्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या आणि वाळलेली मलमाची नळी, हे चित्र बदला. स्वच्छ गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, जंतुनाशक, हातमोजे आणि दोन स्वच्छ प्लास्टिक पिशव्या एवढे तरी हवे. पिशव्या कशासाठी, ते आता सांगतो.

बोट तुटून वेगळे झाले तर पुष्कळदा लोक ते पाण्यात किंवा थेट बर्फात टाकतात, काही ठिकाणी तर हळद भरतात. याने ते वाया जाते. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून कोरड्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हाताने घट्ट दाब द्यावा, हात वर उचलून धरावा. दोरी आवळून बांधू नये. चहा, पाणी, जेवण काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे. बोट जोडणारे शल्यवैद्य कोठे आहेत ते फोनवर विचारूनच निघावे, म्हणजे दोन ठिकाणी फिरण्यात तास जाणार नाहीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत असते.

गोदामात कोणी चक्कर येऊन पडला तर घाईने आत धावू नका. बाहेरून दारे-खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. एकामागून एक दोघे-तिघे पडण्याच्या घटना अशाच घाईतून होतात. बाहेर आणल्यावर मोकळ्या हवेत ठेवून कपडे सैल करा आणि गोळ्यांचा डबा डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.

शेवटी मजूर बंधू-भगिनींना आणि माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक सूचना. दवाखान्यात गेल्यावर आपण काय काम करतो, कोठे आणि किती वर्षे, हे न विचारताही सांगावे, आणि डॉक्टरांनी ते केस पेपरवर लिहावे. अपघाताचा असेल तर "कामावर असताना" असे शब्द लिहून घ्यावेत, वेळेसह. मँगनीज, शिसे, सिलिका यांसारख्या पदार्थांमुळे होणारे काही आजार कायद्याच्या यादीत आहेत आणि त्यांना अपघाताप्रमाणेच भरपाई मिळते. पण "खोकला, सात दिवस" एवढ्यावर ती मिळत नाही. "राईस मिल, नऊ वर्षे, बॉयलरची राख उपसतो" असे लिहिलेला जुना केस पेपर मात्र कामी येतो. केस पेपर घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावा.